तिसरीची पुस्तकं

मुलीचं पोट दुखायला लागलं तेव्हा ती तिसरीत होती. सकाळी दूध पिऊन झालं की दुखायचं, खाली स्कूलबसचा हॉर्न वाजला की जास्त दुखायचं, आणि रविवारी अजिबात दुखायचं नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली, जंतांचं औषध दिलं, आणि दुसऱ्या खेपेला तिला बाहेर बसवून मला विचारलं, "शाळेत काही त्रास आहे का?"

"छे," मी म्हटलं. "शाळेत तर तिचं कौतुक असतं."

ते खरंच होतं. धडा मोठ्याने वाचून दाखवायचा असला की बाई तिलाच उभं करायच्या. इंग्रजी ती इतकं सफाईने वाचायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हिच्या घरी सगळे इंग्रजीच बोलतात. घरी कुणीच बोलत नव्हतं. नवरा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, आठवड्याला शिफ्ट बदलते. मी तळवड्यातल्या लहान वर्कशॉपांचे हिशेब घरून बघते. आमचं दोघांचं इंग्रजी कामाच्या ईमेलपुरतं. त्यामुळे मुलगी वाचायला लागली की आम्ही हातातलं काम थांबवून ऐकत बसायचो.

एका दुपारी तिने मला एका खारीची गोष्ट वाचून दाखवली. कुठे अडखळली नाही. मी कणीक मळत होते. सहज विचारलं, "मग त्या खारीने दाणे कुठे लपवले?"

"कुठली खार?"

मला वाटलं, मराठी शब्द तिला माहीत नसेल. तोच प्रश्न मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारला. मग म्हणाली, "आई, असा प्रश्न नाहीये. मागे प्रश्न दिलेत ना, त्यांची उत्तरं मला पाठ आहेत. तुझा त्यात नाही."

"अगं, पण आत्ता तूच वाचलंस ना?"

"मी नुसती वाचते. आत काही जात नाही."

मी हात धुऊन तिच्याजवळ बसले. त्या दिवशी ती बरंच बोलली. वर्गासमोर उभं राहून वाचताना तिला रोज भीती वाटायची की कुणीतरी मधेच थांबवेल आणि अर्थ विचारेल. आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण उद्या विचारतील, असं तिला रोज वाटायचं.

मी वर्गशिक्षिकेला भेटले. बाई चांगल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, ती माझी बेस्ट रीडर आहे. अर्थ काय, वय वाढलं की येतोच." त्यांच्या वर्गात मुलं खच्चून भरलेली होती. त्यांना दोष देण्यात मतलब नव्हता. आम्ही दिवाळीपर्यंत वाट पाहिली. सुट्टीत पोट दुखलं नाही. सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा दुखायला लागलं, आणि नवरा म्हणाला, "राहू दे हिला घरी. हे वर्ष राहू दे."

तो इतक्या सहज म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. धाकटा पहिलीत होता. त्याला कसलाही त्रास नव्हता, पण ताई घरी आणि आपण एकटं बसमध्ये, हे त्याने पहिल्याच सकाळी नाकारलं. पायरीवर बसून राहिला. शेवटी दोघंही घरी राहिले. चौकशी केल्यावर कळलं की घरी शिकणाऱ्या मुलांना पुढे बाहेरून बसता येईल अशा परीक्षा असतात. तेवढ्या आधारावर आम्ही दोघांचे दाखले काढले.

खरी अडचण आप्पांना सांगण्याची होती. आप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी लातूरकडून आले, पिंपरीच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, काम करता करता रात्रशाळेतून दहावी झाले आणि फिटर म्हणून रिटायर झाले. आई गेल्यापासून पिंपरीच्या जुन्या घरी एकटेच राहतात. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की बसने मोशीला आमच्याकडे येतात, जेवतात, नातवंडांशी खेळतात आणि उन्हं कलली की परत जातात. त्या रविवारी ताट वाढायच्या आधी मी त्यांना सांगितलं.

त्यांना आधी नीट कळलं नाही. "शाळा बदलायलीस का?"

"नाही आप्पा. घरीच शिकवणार आहे. सध्या."

त्यांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग सावकाश बोलले. "माझ्या बापाला शाळेच्या ओसरीवर बसवायचे. आत यायचं न्हाई. मी वर्गात बसलो, पण मागं. तू पहिल्या बाकावर बसलीस. हिला आपण इंग्लिश मिडियमला घातली. अन् आता तू म्हणायलीस, लेकरू घरी बसू दे. म्हणजे आपण फिरून घरीच आलो का?"

नवरा काहीतरी समजावायला गेला, तर त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. न जेवता गेले. पुढचे कित्येक रविवार आले नाहीत. फोन करायचे, पण मुलांना दे म्हणायचे.

आता शिकवायचं काय, हा प्रश्न होता. मी हिशेबाच्या कामातली बाई. मला वाटायचं, नीट आखलेली एखादी गोष्ट विकत मिळत असणार, ती आणावी आणि पहिल्या पानापासून सुरुवात करावी. मी ऑनलाइन शोधलं आणि अख्ख्या वर्षाचा एक संच मागवला. कुरिअरवाल्याने भलंमोठं खोकं लिफ्टमधून आणून दारात ठेवलं तेव्हा मुलं नाचली. आत रंगीत पुस्तकं होती, अक्षरांची कार्डं, लाकडी ठोकळे, एक छोटं भिंग, आणि आईसाठी वेगळं जाड पुस्तक. कुठल्या दिवशी काय शिकवायचं, काय विचारायचं, मुलाने काय म्हटलं तर आपण काय म्हणायचं, सगळं त्यात लिहिलेलं. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. कुणीतरी माझ्यासाठी विचार करून ठेवला होता.

पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्यापासून घसरण सुरू झाली. हवामानाच्या पाठात खिडकीबाहेर बघून बर्फ पडतोय का ते टिपायचं होतं. गणितातली नाणी आम्ही कधी पाहिली नव्हती. गोष्टीतली मुलं शेजाऱ्यांसाठी केक भाजून विकत होती. मुलीने सगळं न अडखळता वाचलं. आईच्या पुस्तकातले प्रश्न मी विचारले आणि तिने उत्तरंही दिली, कारण उत्तर कुठल्या ओळीत दडलेलं असतं हे तिला आता पक्कं कळलं होतं. एकदा मी विचारलं, "बेकिंग म्हणजे काय गं?" तर म्हणाली, "काहीतरी चांगलं काम असतं. सगळे थँक्यू म्हणतात."

शाळा सोडून आम्ही तीच शाळा घरात आणून बसवली होती, फक्त बस नव्हती. पोट मात्र दुखायचं थांबलं होतं. धाकट्याने लाकडी ठोकळ्यांचं गॅरेज बांधलं आणि त्यात गाड्या लावायला लागला. खोक्यातली तेवढी एक गोष्ट पुरेपूर वापरली गेली.

त्याच सुमाराला मला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा पत्ता लागला. मुलांना घरी शिकवणारे पालक महिन्यातून एकदा वाकडला एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये भेटायचे. मी दोघांना घेऊन गेले. बहुतेक जण आयटीतले होते. मुलं मोकळी, धीट, मोठ्यांना नावाने हाक मारणारी. माझी दोघं माझ्या ओढणीला धरून उभी.

एका उंच, शांत बाईने मला चहा दिला आणि इंग्रजी-मराठीत विचारलं, "तुमची फिलॉसॉफी कोणती?"

मला वाटलं, ती धर्माबद्दल विचारतेय. म्हणून मी सांगितलं, "आम्ही बौद्ध."

ती हसली नाही. म्हणाली, "सॉरी, मी नीट विचारलं नाही. म्हणजे मुलांनी कसं शिकावं असं तुम्हाला वाटतं?"

"तसं काही ठरवलेलं नाही हो. पोट दुखायचं थांबावं, एवढंच होतं. ते थांबलंय. आता पुढचं कळत नाहीये."

मग मी तिला खारीपासून केकपर्यंत सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, "मुलीला स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात?"

हे मी कधी मुलीला विचारलं नव्हतं. तिथेच हाक मारून विचारलं. मुलगी म्हणाली, "मराठीत. शाळेचं स्वप्न असलं की इंग्रजीत, पण त्यात मी बोलत नाही."

त्या बाईने सल्ला असा काही दिला नाही. निघताना मात्र लहान मुलांच्या इंग्रजी चित्रपुस्तकांची एक पिशवी हातात दिली. पानावर एखादंच वाक्य असलेली पुस्तकं. "तिच्या वयाला सोपी आहेत," ती म्हणाली. "सोपीच घ्या. पानावरचं सगळं कळतंय, हे तिला एकदा वाटू दे. आणि परत नक्की द्या, माझा धाकटा रडेल." आम्ही पुढे पिशवीमागून पिशवी आणत आणि परत देत राहिलो.

परतीच्या वाटेवर माझ्या मनात एक गोष्ट नक्की झाली. घरी येऊन नवऱ्याला सांगितली. गणित आणि परिसर अभ्यास मराठीतून शिकवायचा.

तो नुकताच ड्यूटीवरून आला होता, पायातले सेफ्टी शूजही काढले नव्हते. "अगं, पुढे सायन्स इंग्रजीतच आहे ना? आमच्याकडे डिप्लोमाची पोरं येतात. इंग्रजीत ईमेल येत नाही म्हणून मागे राहतात. मी स्वतः राहिलोय."

"तुला मशीन कुठल्या भाषेत कळलं?"

तो विचारात पडला. "मशीन मराठीतच कळलं. पण प्रमोशन इंग्रजीत मिळतं."

यावर आमचं बरेच दिवस चाललं. भांडण म्हणता येणार नाही, पण जेवताना विषय निघायचाच. दोघांचंही खरं होतं, म्हणून ते मिटायचं नाही. अखेर असं ठरलं की तिसरीपुरतं मराठीत करून बघू, इंग्रजी वेगळी भाषा म्हणून चालू ठेवू, आणि वर्ष संपल्यावर पुन्हा बोलू.

चिंचवडला शालेय पुस्तकांचं एक जुनं दुकान आहे. मी गेले तेव्हा जूनची गर्दी केव्हाच ओसरली होती. दुकानदाराने सवयीने विचारलं, "कुठल्या शाळेचा सेट?"

"शाळेचा नाही. सरकारी पुस्तकं द्या. तिसरी, मराठी माध्यम. आणि पहिलीची पण."

"शिकवणी घेता का?"

"घरच्याच मुलांची."

त्याने मान हलवली आणि शिडीवर चढून पुस्तकं काढली. वर म्हणाला, "गाइड नको घेऊ ताई. पुस्तकात सगळं असतं." गाइड विकणाऱ्या माणसाने असं सांगितलं म्हणून मी ऐकलं.

ती पुस्तकं आमच्या खोक्यापुढे अगदीच साधी दिसत होती. कागद पातळ, चित्रं फिकट. पण परिसर अभ्यासाच्या पुस्तकात विहीर होती, एसटी होती, ज्वारीची कणसं होती. मुलगी पानं चाळताना मधेच थांबून म्हणाली, "हे आपल्याकडे असतं." तिने बोट ठेवलं होतं ते पाण्याच्या टँकरवर. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात तो रोज यायचा.

मात्र गणिताने दगा दिला. तिला आकडे इंग्रजीत येत होते. फिफ्टी-नाइन म्हटलं की पटकन लिहायची, एकोणसाठ म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघायची. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांची इतकी गल्लत व्हायची की तिने स्वतःचं नवं गणित काढलं. पन्नास-नऊ, साठ-नऊ, सत्तर-नऊ. मलाही ते सोयीचं वाटायला लागलं होतं. बेरजा बरोबर येत होत्या.

एका संध्याकाळी आप्पांचा फोन आला आणि ती त्यांना म्हणाली, "आजोबा, आज मी सत्तर-नऊपर्यंत केलं."

पलीकडून एवढा मोठा आवाज आला की मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "सत्तर-नऊ? हे काय असतं?"

"सेव्हंटी-नाइन."

"एकोणऐंशी म्हणायचं बाळा. ऐंशीला एक कमी, म्हणून एकोणऐंशी. साठाला एक कमी, तर काय?"

ती जरा थांबली. "एकोणसाठ?"

"हां. अन् शंभराला एक कमी?"

"एकोणशंभर!"

आप्पा हसले. "असंच पाहिजे होतं खरं. पण त्याला नव्व्याण्णव म्हणतात. कुणी केलं कुणास ठाऊक."

मी तिला तेच आकडे कित्येक दिवस घोकायला लावत होते. एक कमी, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानंतर रोज संध्याकाळी ती आजोबांना फोन लावायची आणि आकडे म्हणून दाखवायची. मी मधे पडले नाही.

पुढच्या रविवारी आप्पा आले. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. शेजारच्या मुलाकडून मागून आणलेली त्याच्या शाळेची तिसरीची प्रश्नपत्रिका होती. "ही सोडव," ते मुलीला म्हणाले. "मी बसतो इथंच. बघू काय शिकायलीस."

मुलीचा चेहरा कसनुसा झाला. बसचा हॉर्न ऐकल्यावर व्हायचा तसा. मी पुढे होणार होते, पण तिने प्रश्नपत्रिका घेतली, वरपासून खालपर्यंत पाहिली आणि टीपॉयवर ठेवली.

"आजोबा, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, पणजोबा ओसरीवर बसायचे. त्यांना आतलं ऐकू यायचं का?"

आप्पांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "यायचं की. ऐकू सगळं यायचं. पाढे तर ऐकूनच पाठ केले त्यानं. पावकी, निमकी, दिडकी. बाजारात त्याला कुणी फसवू शकायचं न्हाई."

"आणि फळा?"

"फळा दिसायचा न्हाई. दाराच्या आड होता."

"मग आकडे कसे काढतात, ते?"

"न्हाई यायचे त्याला." आप्पा खुर्चीत जरा पुढे सरकले. "म्हातारपणी माझ्याकडं पिंपरीला आला ऱ्हायला. सत्तावीस सत्ते म्हणलं की त्याच्या जिभेवर. पण बस आली अन् तिच्यावर सत्तावीस लिहिलेलं असलं, तर शेजारच्याला विचारायचा, कोणती बस हाय हो ही?"

मुलगी विचार करत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या उलट. मला वाचता यायचं, पण कळायचं नाही. त्यांना कळायचं, पण वाचता यायचं नाही."

आप्पा माझ्याकडे वळले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "हे तू शिकवलंस हिला?"

"नाही आप्पा. मला तर पणजोबांचं हे सगळं माहीतही नव्हतं. तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

"तुमी इचारलं न्हाई," ते म्हणाले. एरवी ते शहरातलं नीट मराठी बोलायचा प्रयत्न करतात. गहिवर आला की तो सुटतो.

दुपारभर ती त्यांना विचारत राहिली. शाळा केवढी होती, दार कुठल्या बाजूला होतं, पाऊस आला की ओसरीवरची मुलं काय करायची. आप्पा सांगत होते, कधी हसत, कधी मधेच गप्प होत. तिने शाळेचा नकाशा काढला. आप्पांनी दाराची जागा बदलायला लावली. फळा कुठे होता ते तिने स्वतः ठरवलं, कारण ओसरीवरून तो दिसत नव्हता म्हणजे तो एकाच भिंतीवर असू शकत होता. संध्याकाळपर्यंत तिने त्यावर मराठीत पानभर लिहिलं. ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नव्हता. कुणी सांगितल्याशिवाय तिने लिहिलेलं ते पहिलं पान. तिने ते आप्पांना वाचून दाखवलं, आणि वाचताना दोनदा थांबली, कारण लिहिलेलं तिला पटत नव्हतं.

जाताना आप्पांनी प्रश्नपत्रिका घडी करून परत पिशवीत ठेवली. दारात मला म्हणाले, "इंग्रजी मात्र सोडायचं न्हाई."

"नाही सोडत."

"अन् मी बुधवारी पण येत जाईन."

ते बुधवारी यायला लागले. पाढ्यांचं खातं त्यांच्याकडे गेलं. मी पुस्तकातला भाग पुढे नेत होते, आणि संपूर्ण वर्षाचा एकच संच शोधायचं मी सोडून दिलं. इंग्रजीसाठी वाकडच्या पिशव्या होत्याच, पण सगळ्यात उपयोगी पडली ती मिक्सरची माहितीपुस्तिका. तिच्यात तोच मजकूर इंग्रजी, हिंदी आणि मराठीत छापलेला होता. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात नवरा सकाळी घरी असायचा. तो आणि मुलगी ती घेऊन बसायचे. आधी इंग्रजी वाचायचं, अंदाज करायचा, मग मराठीत बघायचं. मराठी इतकं कठीण असायचं की कधीकधी उलटं व्हायचं. "हे मराठी कळत नाहीये, इंग्रजीत बघू," असं ती म्हणाली तेव्हा नवऱ्याने मला हाक मारून बाहेर बोलावलं आणि तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग ते कुकर, पंखा, गीझर असं करत घरातली सगळी माहितीपत्रकं वाचून संपवत गेले.

या सगळ्यात धाकट्याकडे माझं लक्ष कमी होतं, कारण त्याची काळजीच नव्हती. तो अक्षरं झटपट शिकला, ठोकळ्यांवर वजाबाकी शिकला. पण पुढच्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की तो रोज सकाळी डबा भरून मागतो. पोळीभाजी डब्यात घालून घ्यायचा आणि खाली पार्किंगमध्ये वॉचमनकाकांबरोबर बसून खायचा. मला आधी गंमत वाटली. एकदा मी विचारलं, "घरी गरम जेवायचं सोडून खाली का रे?"

"डबा एकट्याने खायचा नसतो."

"मग माझ्यासोबत खा की."

"तू आई आहेस," तो म्हणाला, आणि हे त्याला पुरेसं वाटलं.

थोड्या दिवसांनी त्याने स्पष्टच सांगितलं. "मला शाळेत जायचंय. ताईला नको तर नको."

मला ते लागलं. एवढी खटपट करून मी दोघांसाठी घर उभं केलं होतं, आणि एकाला ते नको होतं. नवरा म्हणाला, "त्याचं कधी पोट दुखलं होतं? दुखत होतं तिचं. आपण त्याला तिच्याबरोबर घेतलं."

जुनी शाळा लांब होती. घराजवळ महापालिकेची मराठी शाळा होती, चालत जाता येईल अशी. मी तिथल्या बाईंना भेटून आले. त्यांनी मुलाला नाव वगैरे विचारलं नाही. "फळ्यावरचं पुसतोस का?" असं विचारून हातात डस्टर दिलं. तो खूश. यावेळी अडला तो नवरा. "कंपनीत सगळ्यांची पोरं इंग्लिश मिडियमला आहेत," तो म्हणाला. "विचारतील."

"विचारू देत. सांग, त्याला डबा खायला माणसं पाहिजेत."

आप्पा काय म्हणतील याची मला धास्ती होती. इंग्रजी शाळेतून काढून पालिकेच्या शाळेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहिल्या दिवशी मी येतो सोडायला." इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. शाळेच्या फाटकाशी न थांबता थेट वर्गापर्यंत गेले, बाईंना नमस्कार केला आणि विचारलं, "हा बसणार कुठं?"

बाईंनी मधला बाक दाखवला. आप्पा वर्गात गेले, त्या बाकावर कसेबसे बसले, फळ्याकडे पाहिलं. "दिसतंय," म्हणाले आणि उठले. नातवाच्या डोक्यावर हात ठेवला. बसस्टॉपवर आल्यावर एवढंच म्हणाले, "बाई चांगली हाय."

मुलगा आता चौथीत आहे. त्याचं इंग्रजी बेताचं आहे आणि मित्र पुष्कळ आहेत. संध्याकाळी ताई त्याला इंग्रजी वाचायला शिकवते आणि प्रत्येक ओळीला थांबवून अर्थ विचारते, म्हणून तो वैतागतो.

मुलगी अकरा वर्षांची झालीय. विज्ञान ती आता इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचते. नवऱ्याचा तो जुना मुद्दा तिच्यापुरता सुटला आहे. तो स्वतः मात्र अजून प्रमोशनच्या मुलाखतीची तयारी करतो आणि उत्तरं तिला म्हणून दाखवतो. भूगोलात माझी दमछाक होते. पुढच्या पुस्तकांचं काय करायचं, यावर आम्ही हल्ली तिलाच विचारतो. गेल्या महिन्यात तिने स्वतःहून सांगितलं, "शाळा कशी असते ते मला एकदा बघायचंय. जायचं नाही, बघायचंय."

ताथवड्याच्या बाजूला एक लहानशी शाळा आहे, तिथल्या मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली. मुलगी अर्धा दिवस सहावीच्या वर्गात बसली. मी बाहेर बाकावर. मधल्या सुट्टीनंतर मुख्याध्यापिकांनी आम्हाला आत बोलावलं आणि तिला विचारलं, "काही प्रश्न आहेत का?"

"वर्गात वाचताना अर्थ कळला नाही तर मधेच थांबवून विचारलं तर चालतं का?"

"चालतं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून खरं ते सांगितलं. "काही शिक्षकांना चालतं. काहींना नाही चालत."

"कुणाला नाही चालत?"

मुख्याध्यापिका हसल्या. "ते तुला आल्यावर कळेल."

रिक्षात मी विचारलं, "मग? कशी वाटली?"

"विज्ञान मस्त होतं, प्रयोग केला. गणितात ते मागे आहेत. मुली बऱ्या वाटल्या." मग ती बाहेर बघत बसली. बीआरटीच्या बसमार्गाच्या कडेने ट्रकांची रांग लागली होती. "विचार करते," म्हणाली.

जूनला अजून वेळ आहे. मी तिला विचारलेलं नाही, आणि आप्पांनाही विचारू नका म्हणून सांगितलंय. ते बुधवारी येतात, आणि त्यांना विचारल्यावाचून राहवत नाही हे मला दिसतं. सध्या दोघं मिळून महाराष्ट्रातल्या नद्या करताहेत. मांजरा नदी कुठून निघते यावर काल त्यांचं वाजलं. आप्पा म्हणत होते, आमच्या लातुराकडूनच. मुलीने नकाशा उघडून बोट ठेवलं ते बीडच्या डोंगरावर. आप्पांनी चष्मा पुढे घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "बरं. पण वाहते तर आमच्याकडूनच."